उंचवट्यावरच्या चादरी

उद्यान विभागातल्या या मुकादमाला बसलेला पाहिल्याचे कोणी शपथेवर सांगू शकले नसते. कार्यालयात त्याच्या वाट्याची खुर्ची होती. तिच्यावर इतरांचे डबे, पिशव्या आणि ओल्या छत्र्या बसत. तो स्वतः खिडकीशी उभा राही, दारापर्यंत जाई, परत येई, फाइल उभ्याने वाचे आणि कागद भिंतीला टेकवून सही करी. सहकाऱ्यांनी त्याला ‘भिंगरी’ हे नाव केव्हा ठेवले ते आता त्यांनाही आठवत नव्हते. घरी त्याची बायको म्हणे, “याला जेवायला वाढणं म्हणजे धावती बस पकडणं. जमलं तर जमलं, नाहीतर पुढच्या फेरीला.”

अशा माणसाने ज्या एका कामाचा ध्यास घेतला होता, ते काम मात्र जागचे हलत नव्हते. जुन्या पुलाच्या खालच्या अंगाला, नदी वळण घेते त्याच्या अलीकडे, काठाकाठाने गेलेली एक लांबट जमीन होती. तिच्यावर ‘नियोजित सार्वजनिक उद्यान’ अशी पाटी होती, आणि पाटीखेरीज उद्यानाचे दुसरे काहीही नव्हते. शहरात कुठेही भिंत पडली की तिचा राडारोडा इथे येऊन पडे. मधोमध एक सांडपाण्याचा नाला उघड्यावरच नदीला मिळे. काठाची जमीन कोणाची, यावर पाटबंधारे आणि उद्यान या दोन खात्यांत पिढीजात म्हणावा असा वाद होता. दोघेही ती दुसऱ्याची आहे असे आग्रहाने सांगत. तारेचे कुंपण घालावे तर ते चोरीला जाई, रोपे लावावीत तर शेळ्या खात, आणि खड्डा खणावा तर पहिल्याच घावाला फावडे विटांवर आपटे.

शासकीय भाषेत या जमिनीला ‘अविकसित’ म्हणत. या शब्दाचा अर्थ नीट पाहण्यासारखा आहे. जमिनीचा उपयोग होत नाही, असा तो अर्थ नाही. तिथे जे चालते त्याची नोंद घेण्याची गरज कोणाला वाटलेली नाही, एवढाच आहे. या अविकसित जमिनीवर मुले खेळत, नवशिकी माणसे मोटार चालवायला शिकत, घरात भांडण झालेली माणसे येऊन नदीकडे तोंड करून उभी राहत. आणि मागच्या बाजूला, रस्त्याकडच्या उंचवट्यावर, खांबांना दोर बांधून रोज सकाळी चादरी वाळत घातल्या जात. त्या चादरी मुकादमाच्या थोरल्या बहिणीच्या होत्या.

बहिणीच्या म्हणजे तिने धुतलेल्या. वळणाच्या पलीकडल्या गल्लीत, पहिल्याच रांगेत, तिची लाँड्री होती. पुढच्या खोलीत दोन यंत्रे, मागच्या खोलीत इस्त्रीचे टेबल, आणि त्या दोहोंच्या मधे तिचा संसार. इस्पितळाच्या आणि दोन हॉटेलांच्या चादरी तिच्याकडे येत. यंत्रे चादरी धुऊन पिळून देत. वाळवण्याचे काम मात्र ऊन आणि वारा यांनाच करावे लागे. खोलीत वाळवलेल्या चादरीला दमट वास येतो, आणि इस्पितळातली परिचारिका चादर उलगडली की आधी नाकाला लावते. म्हणून तो उंचवटा. नदीवरून येणारा वारा तिथे अडत नसे, गवतामुळे धूळ उडत नसे आणि सावली करायला एकही झाड नव्हते.

आई गेली तेव्हा मुकादम शाळेत होता. वडील कामासाठी परगावी गेले आणि हळूहळू तिकडचेच झाले. ताईने लोकांचे कपडे धुऊन त्याला वाढवले, बागकामाच्या शाळेत घातले, आणि महापालिकेच्या भरतीच्या वेळी अर्जाच्या रांगेत ती स्वतः उभी राहिली. कारण याला रांगेत उभे केले असते तर रांग पुढे सरकेपर्यंत हा आवाराला चार चकरा मारून आला असता आणि जागा गमावून बसला असता. तिने स्वतः लग्न केले नाही. का, असे कोणी विचारले तर म्हणे, “एकाला वाढवून पाहिलं. पुरे झालं.”

या बागेची ओढ त्याला का लागली, याचे उत्तर सरळ आहे. त्याच्या हाताखाली शहरातल्या तयार बागा होत्या. कडा छाटणे, पाणी देणे, तुटलेला झोपाळा दुरुस्त करणे यांत दिवस जात. शून्यातून उभी केलेली अशी एकही बाग नव्हती. शिवाय उद्यानासाठी सतत अर्ज करणारे एक निवृत्त शाळामास्तर होते. ते दर काही दिवसांनी कार्यालयात येत आणि याच्यामागे चालत चालत बोलत.

“मुकादम, माझ्या हयातीत तिथे एक बाक मिळेल का? बसायला म्हणतो मी. तुमच्यासारखं गरगर फिरायला नाही.”

“मिळेल, मास्तर.”

“हयातीत?”

“तुमच्या की माझ्या?”

अखेरीस एका उन्हाळ्यात हुकूम निघाला. दोन्ही खात्यांनी भांडण बाजूला ठेवले आणि उद्यानाचे काम नव्याने बदलून आलेल्या एका अभियंता बाईंकडे सोपवले गेले. कार्यालय त्यांना मॅडम म्हणे. पहिल्याच भेटीत त्या मुकादमाला म्हणाल्या, “बसा.”

“नको मॅडम, मी उभ्यानंच बरा.”

“बरं, मग चालत बोलू. जागा दाखवा.”

त्याला त्या आवडल्या. आराखडा त्यांनी स्वतः काढला होता आणि तो शहाणपणाचा होता: नाल्याला बंद नळ, नदीकडच्या सखल भागात फक्त गवत, वरच्या भागात वाट, झाडे आणि बाके, आणि रस्त्याकडच्या उंचवट्यावर मुलांचे खेळ. हे शेवटचे ऐकताना मुकादमाची चाल मंदावली. त्याच्या बाबतीत एवढी गोष्टही लक्षात येण्याजोगी होती.

“तिथे कुणीतरी कपडे वाळत घालतं, नाही का?” मॅडमनी विचारले.

“हो. लाँड्रीवाल्या आहेत एक.”

“त्यांना नोटीस द्यावी लागेल.”

‘लाँड्रीवाल्या आहेत एक’ हे शब्द आपण कोणाविषयी बोललो, याचा त्याला पुढे कित्येक दिवस त्रास होत राहिला.

आता नदीकाठच्या जमिनीची आखणी कशी होते ते सांगितले पाहिजे, कारण पुढचे सगळे त्यातून घडले. या विभागाची रीत अशी की, काठावरच्या जागेचे माप पाण्याच्या कडेपासून आत घ्यायचे. पण पाण्याची कड म्हणजे त्या दिवशी पाणी जिथे असेल ती नव्हे. दरवर्षीचे भरलेले पाणी जिथवर येते आणि जिथून पुढे गवत धरते, ती रेष. पहिली खुंटी त्या गवताच्या रेषेवर ठोकायची, तिथून आराखड्यातली रुंदी आत मोजायची आणि मागची खुंटी ठोकायची. दोन्ही खुंट्यांना दोरी बांधून तिच्यावरून चुन्याची फक्की मारली की बागेची हद्द झाली.

राडारोडा उचलताना यंत्राने काठ खरवडला होता. गवताची रेष डोळ्यांना दिसत नव्हती. आखणीच्या दिवशी मॅडमना मुख्य कचेरीत बैठकीला जावे लागले. मुकादमाने पहिली खुंटी उन्हाळ्याच्या ओसरलेल्या पाण्याच्या कडेला, वाळून भेगाळलेल्या गाळात ठोकली. सगळी बाग त्यामुळे नदीच्या अंगाला सरकली. रुंदी तीच राहिली, क्षेत्र तेच राहिले, आकार तोच राहिला. फक्त मागची हद्द उंचवट्याच्या अलीकडे पडली. बहिणीसाठी जेवढे सोडले तेवढे त्याने नदीकडून घेतले.

संध्याकाळी मॅडम आल्या. त्यांनी फीत धरून रुंदी तपासली. ती बरोबर होती. उंचवटा बाहेर राहिलेला पाहून त्या क्षणभर थांबल्या.

“मला वाटलं होतं, हा भाग आत येईल. जुन्या नकाशात चूक असावी. पहिली खुंटी गवताच्या रेषेवर आहे ना?”

“हो, मॅडम.”

तो खोटे बोलण्यात तरबेज नव्हता. पण उत्तर एकाच शब्दाचे होते, आणि एका शब्दात चाचरायला फारशी जागा नसते.

ताईने फक्कीची रेघ आपल्या खांबांच्या अलीकडून गेलेली पाहिली तेव्हा ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली. “ही मेहेरबानी कुणाची?”

“मेहेरबानी कसली? नकाशातच तसं आहे.”

“नक्की?”

“नक्की, ताई. तू चादरी घाल.”

त्याला हे पाप वाटले नाही. उपकार फेडण्याची संधी माणसाला नेहमी स्वच्छ रूपात मिळत नाही, असे काहीसे त्याच्या मनात होते. जागा सार्वजनिक होती, तो सार्वजनिक नोकर होता, आणि ताईसुद्धा जनतेपैकीच एक होती. या तीन विधानांपैकी एकही खोटे नव्हते. खोटी होती ती खुंटी.

त्या उन्हाळ्यात तो जितका फिरला तितका आयुष्यात फिरला नसेल. तांबड्या मुरमाची वाट झाली. नाला नळात गेला. रोपांना काठ्यांचे आधार मिळाले. वाट, झाडे आणि बाके आराखड्यात वरच्या भागात होती, आणि आराखड्यातला वरचा भाग आता प्रत्यक्षात सखल जमिनीवर उतरला होता. हे फक्त त्यालाच ठाऊक होते. कामावर पोहोचला की तो आधी पाण्याकडे जाई, काठावर उभा राही, परत फिरे आणि पुन्हा जाई. मजूर हसत. “मुकादम, नदी कुठं पळून जात नाही.”

तो म्हणे, “तीच तर पंचाईत आहे.”

मास्तरांना बाक मिळाला. ते पहिल्यांदा बसले तेव्हा त्यांनी आधी हाताने फळी दाबून पाहिली, मग अंगाचा थोडा भार दिला, मग सगळा. “टिकेल ना हे?” ते म्हणाले.

“बाक टिकेल,” मुकादम म्हणाला आणि तिथून निघून गेला.

पाणी वाढले ते नेहमीसारखेच. पुढे वर्तमानपत्रांनी त्याला पूर म्हटले, पण तो पूर नव्हता. नदी दरवर्षी येते तिथवर आली आणि दरवर्षीइतकेच दिवस राहिली. ओसरली तेव्हा मुरमाची वाट नाहीशी झाली होती. रोपांच्या काठ्यांची टोके गाळातून वर आली होती, रोपे आली नव्हती. आणि मास्तरांचा बाक एका अंगावर कलंडून अर्धा रुतला होता. उंचवट्यावरच्या खांबांना पाण्याचा थेंबही लागला नव्हता. नदीमुळे चादरी एक दिवसही थांबल्या नव्हत्या.

वरिष्ठ पाहणीला आले. त्यांच्यातला सगळ्यांत मोठा अधिकारी चिखलात पाय पडू नये म्हणून एका दगडावर उभा राहिला आणि तिथूनच त्याने निर्णय दिला: काठाने सिमेंटची भिंत बांधायची, बागेच्या हद्दीवर, सलग. केलेले काम वाहून गेले असे लोकांपुढे म्हणता येणार नाही. ते सुरक्षित केले असे म्हणता येईल.

ती मंडळी गेल्यावर मॅडम काठाने चालू लागल्या. मुकादम बरोबर होता.

“भिंत नको आहे मला,” त्या म्हणाल्या. “मी गणित करून पाहिलं. या हद्दीवर भिंत घातली तर नदी इथे अरुंद होते. कोंडलेलं पाणी पुढे वळणावर चढणार आणि पलीकडच्या गल्लीत शिरणार. पहिली रांग तर दरवर्षी पाण्यात. पण साहेबांना पर्याय हवा. माझ्याकडे नाही.”

मुकादम थांबला. पहिली रांग. दोन यंत्रे जमिनीवरच ठेवलेली होती.

“बाग थोडी मागं घेतली तर?” तो म्हणाला.

“मागे कुठे? रुंदी पूर्ण भरली आहे. तुम्हीच तर मोजलीत.” त्या पाण्याकडे वळल्या. “मला एकच कळत नाही, मुकादम. नेहमीचं पाणी वाटेपर्यंत यायलाच नको होतं. कुठेतरी माझं चुकतंय.”

त्या माणसाची तेव्हाची अवस्था समजून घेण्यासारखी आहे. आपले पाप उघडे पडेल ही त्याची भीती नव्हतीच; ते उघडे न पडता पुढे चालू लागले होते आणि आता भिंतीच्या रूपाने बहिणीच्या दारात जाणार होते, हे त्याला दिसत होते. गप्प राहिला तर तिचे घर जाणार. बोलला तर तिची जागा. आणि आतापर्यंत या दोन्ही गोष्टींविषयी तो तिच्याशी एक अक्षरही बोलला नव्हता.

तो सरळ लाँड्रीत गेला. ताई पुढच्या खोलीत घड्या घालत होती. यंत्रे फिरत होती. तिने न विचारता चादरीची दोन टोके त्याच्या हातात दिली. तो बोलता बोलता एका पायावरून दुसऱ्या पायावर होऊ लागला.

“सरळ धर. चादर आहे ती, पतंग नाही.”

त्याने सांगितले. खुंटी, गाळ, मॅडमचा प्रश्न, आपले ‘हो’, भिंत, वळणावरचे पाणी. टोकाला टोक लावून ती त्याच्यापर्यंत येई, त्याच्या हातातली टोके घेई आणि घडी टेबलावर ठेवी. सगळे सांगून झाले तेव्हा त्याला वाटले, ती म्हणेल की माझ्यासाठी केलेस. निदान आवाज तरी चढवील.

“मला विचारलं होतंस?” ती म्हणाली.

“काय?”

“खुंटी ठोकताना. मला विचारलं होतंस का?”

“अगं, तुझ्यासाठीच तर...”

“ते कळलं. विचारलं होतंस का, ते सांग.”

“नाही.”

“मला सांगितलंस, नकाशातच तसं आहे. मी ‘नक्की का’ म्हणूनही विचारलं. तू म्हणालास, नक्की.” आता तिचा आवाज चढला, पण राग होता तो चादरीवर काढावा तशी ती घडी दाबत होती. “त्या वेळी मी काय करत होते, माहीत आहे? पलीकडच्या शाळेची गच्ची बघून आले होते. जिना अवघड होता, पण गच्ची मोठी, ऊन दिवसभर. त्यांनी होकार दिला होता. तू ‘नक्की’ म्हणालास म्हणून मी त्यांना ‘नको’ असं कळवलं. आता त्यांनी तिथं पत्र्याची शेड घातली. गेली गच्ची.”

“मला कुठं माहीत होतं?”

“तेच म्हणते मी. तुझ्या कचेरीला माहीत नव्हतं की मी तिथं काय करते. तुला माहीत होतं, तरी तुला माहीत नव्हतं की मी काय करणार आहे. तुमच्यात फरक काय राहिला? ते न विचारता काढून घेतात, तू न विचारता दिलंस.”

एका यंत्राचे फिरणे थांबले. तिने झाकण उघडले.

“आता काय, सांगायला आलास की विचारायला?”

“उद्या मॅडमना सांगणार आहे,” तो म्हणाला.

“म्हणजे सांगायलाच आलास. बरं, सांगून झालं. धर ही दुसरी.”

मॅडमच्या खोलीत तो दुसऱ्या दिवशी गेला आणि त्याने जे केले ते कोणतीही सबब न जोडता सांगितले. बहीण आहे, हेही सांगितले. मॅडमनी त्याला बसायला सांगितले, आणि तो खरोखर बसला; पण त्यांचे पुढचे वाक्य पुरे होण्याआधीच उठून खिडकीपाशी गेला.

“तुम्ही ‘हो’ म्हणालात,” त्या म्हणाल्या.

“हो.”

“मी तुमच्यावर विश्वास ठेवला, असं म्हणणार होते. पण तेही पूर्ण खरं नाही. मी रुंदी मोजली, सुरुवात मोजली नाही. उंचवटा बाहेर राहिला तेव्हा मला शंका आली होती, आणि घाई होती म्हणून मी ती गिळली. तुमचं मी लिहीन. माझंही लिहीन.” त्यांनी आराखडा उघडला. “आता भिंतीला पर्याय आहे. पण तो तुमच्या बहिणीच्या खांबांवरून जातो.”

“मी तिला सांगतो, मॅडम.”

“नाही. तुम्ही नाही सांगायचं. तुम्ही फक्त मला तिथे घेऊन चला.”

ताई उंचवट्यावर होती. मॅडम चढून वर आल्या तेव्हा ती चिमटे तोंडात धरून दोरावर चादर ताणत होती. चिमटे काढून ती म्हणाली, “याचं सगळं ऐकून झालं आहे माझं. तुम्ही बोला. आणि तू रे, तिकडं जा. इथं उभा राहिलास तर मधे मधे बोलशील.”

“मी नाही बोलणार, ताई.”

“बघा, बोलला.”

मॅडमना हसू आले; ताईला आले नाही. मुकादमाला उताराच्या खाली पाठवण्यात आले. तिथून त्याला दोघी दिसत होत्या, पण वाऱ्यामुळे शब्द तुटून येत होते. ताई पायाने गवतावर रेघ ओढून काही दाखवत होती. मॅडम मान हलवत होत्या. ती होकाराची की नकाराची, हे चादरी मधे आल्या की कळत नव्हते. एकदा वारा पडला आणि ताईचे वाक्य स्पष्ट आले: “मुलं शाळेत असतात तेव्हा तुमच्या झोपाळ्यांवर कोण खेळणार? तेवढा वेळ मला द्या.” मग मॅडमचे: “मला वर विचारावं लागेल.” आणि लगेच ताईचे: “विचारा. उत्तर काय आलं ते स्वतः येऊन सांगा. याच्या हाती निरोप नको.”

तो खाली फेऱ्या मारत राहिला. दोन्ही बाजूंना काय वाटते हे आपल्याला ठाऊक आहे, असे समजून तो इतके दिवस दोघींच्या मधे उभा होता. आणि आज त्याच्यावाचून त्यांचे बोलणे चालू होते.

उत्तर आले ते अर्धे होते. भिंत रद्द झाली. हद्द तिच्या खऱ्या जागी गेली, आणि उंचवटा बागेत आला. झोपाळे एका कडेला सरकवले गेले. उरलेल्या गवतावर सकाळी, शाळा सुटेपर्यंत, चादरी वाळवायला ‘तात्पुरती परवानगी’ मिळाली. तिचा दरवर्षी फेरविचार होणार होता. खांब मात्र काढावे लागले. घडीचे ठेवायचे आणि दुपारी उचलून न्यायचे. तेवढ्या वेळात हॉटेलांच्या चादरी वाळत नसत. ताईने हॉटेले सोडली, इस्पितळ ठेवले, आणि हाताखालच्या बाईला दुसरे काम शोधायला सांगितले. मुकादमाशी ती त्यानंतर बरेच दिवस कामापुरतेच बोले. चादरी धरायला तो जाई, तेव्हा टोके मात्र पूर्वीसारखीच न विचारता त्याच्या हातात देई.

त्याची बदली भांडारात झाली. तिथे फावडी, नळ्या आणि खताची पोती होती, खिडकी नव्हती. मॅडमची बदली दुसऱ्या शहरात झाली. ती शिक्षा होती की नेहमीची बदली, हे कळले नाही.

फेरविचाराची वेळ जवळ आली, तेव्हा एका सुटीच्या दिवशी तो बागेत गेला. नवी रोपे धरली होती. वाट कोरडी होती. मास्तर नव्या बाकावरून उठून त्याच्याकडे आले.

“मुकादम, बरे भेटलात. बाग छान झाली हो. पण त्या चादरी! सकाळच्या वेळी माणूस नदी बघायला रस्त्याकडून येतो आणि त्याला आधी दिसतात काय, तर इस्पितळाच्या चादरी. नदी पलीकडे राहते. मी अर्ज करणार आहे. परवानगीचा फेरविचार आहे ना आता?”

“आहे.”

“मग तुम्ही सांगा ना तिला, तुमच्या ओळखीची आहे तर. म्हणजे अर्ज करायलाच नको.”

हे वाक्य ऐकून त्याच्या अंगातली सगळी अस्वस्थता एकदम पायांत उतरली. ताईकडे जाऊन सांगावे की खांब दोन हात मागे घे. मास्तरांना पटवावे की सकाळ सोडून संध्याकाळी या. इकडचे तिकडे, तिकडचे इकडे थोडे थोडे सरकवून, कोणालाही न दुखवता सगळे मिटवून टाकावे. त्याने दोन पावले टाकलीही. मग तो थांबला.

“ती तिथंच आहे, मास्तर,” तो म्हणाला. “तिलाच विचारा.”

“मी? मी काय विचारणार?”

“हेच. मला जे सांगितलंत ते.”

“ऐकेल ती?”

“ऐकेल. मग बोलेलही.”

मास्तर कुरकुरत गेले. मुकादम वाटेवर राहिला. त्याने त्या बाजूला पाहायचे नाही असे ठरवले आणि प्रत्येक वळणावर पाहिले. ताईचा हात उन्हाकडे गेला. मास्तरांचा बाकाकडे. दोघांपैकी एकानेही बोलणे थांबवले नाही. तिने एक चादर दोरावरून बाजूला सरकवली आणि मास्तरांना तिथून पाहायला सांगितले. त्यांनी वाकून पाहिले, काही म्हटले, आणि ती पुन्हा बोलू लागली. मुकादम नदीपर्यंत गेला, परत आला, पुन्हा गेला.

मास्तर खाली उतरले तेव्हा ते घामाघूम झाले होते.

“काय ठरलं?” मुकादमाने विचारले.

“काही ठरलं नाही. अर्ज मी करणार आहेच.” ते बाकावर टेकले आणि चष्मा पुसू लागले. “पण तिचं म्हणणंही त्यात घालावं लागेल आता. ते लांबेल जरा.”